जेठानं न विचारता मारलेली कुऱ्हाड

जैसलमेरच्या पुढे वाळवंटात एक पार्क आहे, तिथे झाडांची खोडं पडलीयेत आणि ती अख्खी दगडाची आहेत. साल दिसते, गाठी दिसतात, हात लावला की चटका बसतो. पाटीवर लिहिलंय, कोट्यवधी वर्षांपूर्वीचं जंगल. आमचे गाईड पूनमारामकाका म्हणाले, "पाटी खरीच असणार. पण आमच्या गावात वेगळं सांगतात."

म्हणे इथे देवीची राई होती, आणि जवळच एक खूप खोल विहीर. भर उन्हाळ्यात तिच्या मोटेचं लाकडी चाक फुटलं. चाक नाही तर पाणी नाही, आणि लाकूड फक्त राईत. तिथला नेम असा, की झाडाच्या बुंध्याशी पाणी घालायचं, "देशील का?" विचारायचं, थांबायचं, मगच कुऱ्हाड.

गावाचा सुतार जेठा. त्याचा मुलगा भैरो तापानं फणफणलेला आणि घरात उरलेलं पाणी एवढंसं, मडक्याच्या तळाशी. जेठा तसाच कुऱ्हाड घेऊन निघाला. बायको धापू म्हणाली, "भैरोचे बापू, पाणी घालून विचारा तरी."

"झाडाला पाजतेस? मग पोराला काय वाळू पाजू?"

त्यानं पहिला घाव घातला तर ठिणगी उडाली. झाड दगड होऊन आडवं झालं. दुसऱ्याला घातला, तेही दगड. माणूस वेडापिसा झाला, घाव घालतच सुटला, आणि एकेक झाड धाडकन खाली. गाव लांबून बघतंय, पुढे व्हायची कुणाची छाती नाही.

शेवटी एकच खेजडी, म्हणजे आपली शमी, उरली. जेठानं कुऱ्हाड उचलली आणि धापू मडकं घेऊन मध्ये आली. लोक ओरडले, "बाई, पोराचं पाणी आहे ते." तिनं सगळं बुंध्याशी ओतलं. म्हणाली, "देशील का?"

आणि थांबली. तिकडे पोर निपचित, इकडे ही उभी. जेठा रडायला लागला, म्हणे, पण त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली.

मग वारा नसताना एक जाड फांदी कडकड करत खाली आली. जेठानं तिथेच बसून चाक घडवलं. पहिली मोट वर आली तेव्हा भैरो डोळे उघडत नव्हता. धापूनं ओंजळ त्याच्या ओठांना लावली. पाणी गालांवरून ओघळलं. पुन्हा लावली.

पोरानं घोट गिळला.

खोडं आजही तशीच पडलीयेत, त्यांना कुणी उठवू शकलं नाही. आणि काकांच्या गावातले सुतार आजही, अगदी दुकानातून आणलेल्या प्लायवूडवरसुद्धा, आधी ओंजळभर पाणी शिंपडतात आणि विचारतात.

मी म्हटलं, "काका, प्लायवूड काय उत्तर देणार?"

"काही नाही देत," काका म्हणाले. "पण करवत उचलायच्या आधी माणूस थांबतो ना थोडा."