परीला आग्रह कळत नाही

हिरव्यागार डोंगराच्या पायथ्याशी एक सरकारी रोपवाटिका होती. काळ्या पिशव्यांच्या लांबच लांब रांगा, आणि प्रत्येक पिशवीतून एक पिटुकलं रोप डोकं वर काढून बघतंय. सागाचं, शिसवीचं, करंजाचं, आवळ्याचं. सकाळचं कोवळं ऊन हिरव्या जाळीतून झिरपून खाली उतरलं, की पानापानावरचे थेंब लुकलुकायचे. बघणाऱ्याला वाटावं, इथे कुणी दुःखी राहतच नसेल.

राहत होतं. बाळांनो, रोपवाटिकेच्या टोकाला एका खोलीत सगुणा आणि तिची आई अनसाबाई राहायच्या. सगुणा चौथीत असताना तिचे वडील तापाने गेले. तेव्हापासून अनसाबाई दिवसभर उकिडवी बसून पिशव्यांत माती भरायची. माती आणि खत कालवून कालवून तिच्या हातांना अशा भेगा पडल्या होत्या, की भाकरी थापताना पीठ त्यांत जाऊन बसायचं.

मुलीला द्यायला अनसाबाईपाशी सोनं नव्हतं, जमीन नव्हती. वळण होतं, ते तिने भरभरून दिलं. कुणाकडे जेवायला गेलं, की पहिल्यांदा वाढतील तेवढं घ्यायचं. दुसऱ्यांदा विचारलं, की ताटावर हात आडवा धरून 'पुरे' म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला तर घ्यायचं, तेही अर्धं.

"हावरं दिसू नये मानसानं," अनसाबाई म्हणायची. "देनाऱ्याला द्यायचंच आसंल तर त्यो पुन्ना इचारतो."

बारावीला सगुणा तालुक्यात पहिली आली आणि सत्कारांची झड लागली. सहा सत्कार झाले. सहा शाली, सहा नारळ आणि भिंतीवर लावायची चार घड्याळं घरी आली. खोलीच्या एका भिंतीला दार, दुसरीला खिडकी, तिसरीला ओल, चौथीला चूल. घड्याळं लावायची कुठे, हाच प्रश्न पडला. प्रत्येक व्यासपीठावरून कुणीतरी फेटेवाले पाहुणे म्हणायचे, "काही लागलं तर सांग हो पोरी." सगुणा खाली मान घालून म्हणायची, "काही नको. आशीर्वाद असू द्या." टाळ्या पडायच्या. पुन्हा कुणी विचारायचं नाही.

लागत तर होतंच. दर पावसाळ्यात रोपवाटिकेतली कितीतरी रोपं एकाएकी मान टाकून कोलमडायची, आणि का ते कुणाला सांगता येत नसे. सगुणाला ते शोधून काढायचं होतं. झाडांची विद्या शिकवणाऱ्या सात कॉलेजांची नावं तिने मिळवली. सात पिशव्यांत आवळ्याची सात रोपं लावली आणि प्रत्येकीला एकेका कॉलेजच्या नावाची पट्टी बांधली. मग एकेकाची माहिती येत गेली. पहिल्याची फी ऐकूनच अनसाबाई मटकन खाली बसली. ती पिशवी सगुणाने रांगेतून उचलली. दुसऱ्याची फी बरी होती, पण वसतिगृह नव्हतं. तिसऱ्याला देणगी लागायची. दिल्याशिवाय आत घेत नाहीत तिला देणगी का म्हणतात, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. असं करता करता एक पिशवी उरली.

ते डोंगरापलीकडच्या शहरातलं वनविद्या कॉलेज. सगळ्यांत स्वस्त, आणि शिकवणं सगळ्यांत चांगलं. गुणांवर सगुणाला तिथे जागा मिळालीही होती. पण स्वस्त झालं तरी तेवढेही पैसे घरात नव्हते. सोमवारपर्यंत फी भरली नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

शुक्रवारी दुपारी सगुणा दोनची एसटी धरायला निघाली. तालुक्याच्या पतपेढीत कर्जासाठी शेवटचं विचारून बघायचं होतं. तेवढ्यात हिरव्या जाळीत काहीतरी फडफडताना दिसलं. फुलपाखरू असेल म्हणून ती जवळ गेली, तर वीतभर उंचीची परी. मोरपिशी पंख, जाईच्या कळीएवढी पावलं, केसांत दवाचे बारीक बारीक मणी. उजवा पंख जाळीच्या दोऱ्यांत गुरफटला होता आणि त्याची कड फाटत चालली होती.

"जाळी कापतेस का गं?" परी कळवळून म्हणाली.

"कापली तर आईच्या मजुरीतून पैसे कापतील," सगुणा म्हणाली. "पण सोडवते मी. हलू नकोस."

ती गुडघ्यांवर बसली आणि नखाने एकेक दोरा सैल करू लागली. दूर वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. सगुणाचा हात क्षणभर थांबला. परीचा पंख थरथरत होता. एसटी आली, थांबली, निघून गेली. शेवटचा दोरा सुटला तेव्हा सगुणाच्या बोटांतून रक्त येत होतं. तिने पिंपळाच्या पानाच्या द्रोणातून परीला पाणी पाजलं.

परीने पंख झटकले आणि सगळीकडे चंदेरी चुरा उडाला. तिच्या गळ्यात तीन मणी होते, गुलाबी, निळा आणि सोनेरी, आणि तिन्ही दिव्यासारखे उजळले.

"एका मण्याचा एक वर," परी गोड आवाजात म्हणाली. "पण नियम आहेत हं. मी एकदाच विचारते. तोंडातून निघेल तेच खरं धरते, मनातलं मला ऐकू येत नाही. आणि देताना कुणीही पुरे म्हटलं, की माझा हात थांबतो. सांग बरं, काय देऊ तुला?"

नियम सगुणाला कळले होते. पहिली येणारी मुलगी ती, विचारले असते तर घडाघडा म्हणून दाखवले असते. पण कुणी 'काय देऊ' म्हटलं की तोंडातून काय निघायचं, ते अठरा वर्षांत ठरून गेलेलं.

"नको गं, काही नको. एवढंसं तर केलं."

गुलाबी मणी विझला.

"दिलं," परी म्हणाली.

"काय दिलंस?"

"काही नको म्हणालीस ना, म्हणून काही दिलं नाही. आता दुसरा. काय देऊ?"

सगुणा सावध झाली. कॉलेज ओठांवर आलं होतं. पण आईच्या आधी स्वतःसाठी मागायला तिची जीभ रेटेना, आणि शिवाय अजून एक मणी होता.

"माझ्या आईच्या हातांच्या भेगा जाऊ देत," ती म्हणाली. निळा मणी विझला आणि निळसर उजेडाची एक झुळूक रोपांवरून पलीकडे, अनसाबाई बसली होती त्या बाजूला गेली.

"शहाणी माझी बाय," परी म्हणाली. "आता शेवटचा. काय देऊ?"

सगुणाने डोळे मिटले आणि एकेक शब्द तोलून उच्चारला. "मला वनविद्या कॉलेजात चार वर्षं शिकायला लागतील तेवढे पैसे हवेत. फी, वसतिगृह, जेवण, पुस्तकं. सगळं हवंय."

एका दमात दोनदा 'हवं' म्हणायची तिच्या जन्मातली ती पहिलीच वेळ. कानशिलं तापली तिची.

"चार वर्षं म्हणजे किती, ते मला कुठलं कळायला? ओढणी पसर. मी ओतत राहते, पुरेल तेव्हा पुरे म्हण."

सगुणाने ओढणी पसरली. परीने हात उंचावला आणि सोन्याची फुलं बरसू लागली. सोन्याची इवली बकुळफुलं, सोन्याची चाफेकळी, मोहरीएवढ्या सोन्याच्या कळ्या. रिमझिम, रिमझिम. मोजत बसण्यात अर्थ नव्हता, पण फुलांचा थर चढताना तिला एकेक वर्ष दिसत होतं. हे झालं पहिलं. आता दुसरं. तिने ओठ दातांखाली घट्ट दाबून धरले होते, चुकून शब्द निघायला नको म्हणून. हात तर इतके ताठ धरले होते, की ताटावर आडवे जाण्याची सोयच नव्हती.

"सगुणे, माज्या हाताला काय झालं बघ गं," असं म्हणत अनसाबाई रोपांच्या रांगेतून आली. तिचे हात कमळाच्या पाकळीसारखे मऊ झाले होते. समोर बघते, तर एक नाजूक पाहुणी तिच्या लेकीच्या ओटीत सोनं घालतेय आणि पोरगी खुशाल पदर पसरून बसलीय. अनसाबाईला लाज वाटली. ती लगबगीने पुढे झाली आणि लेकीच्या ओढणीवर हात आडवा धरला.

"पुरे गं बाई, पुरे. किती घालशील?"

सगुणा ओरडली, पण उशीर झाला होता. फुलं थांबली.

"बघ, चांगल्या मुलीला चांगलंच मिळतं," परी हसून म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. सोनेरी मणी विझला, पंखांतून पांढराशुभ्र उजेड फाकला आणि त्या उजेडात ती विरघळून गेली. जाळीवर थोडा चंदेरी चुरा तेवढा राहिला.

सगुणाने आईला सगळं सांगितलं. अनसाबाई मातीच्या ढिगावर बसली.

"आगं, पन मी काय खरं म्हनले व्हते का? आपल्यात म्हनत्यात तसं म्हनले. तिनं आग्रह नको करायला?"

सगुणाला आईचा राग आला. जन्मात इतका कधी आला नव्हता. तोंडाशी आलेले शब्द तिने गिळले ते आईच्या त्या मऊ हातांकडे बघून. ते हात आता ढिगातली माती उगीच चाळवत होते.

सोनाराकडे फुलं वजनाला हलकी भरली; त्यांतून पहिल्या वर्षाची फी तेवढी निघाली. वसतिगृह नाही, जेवण नाही, पुढची वर्षं तर नाहीच.

सोमवारी पहाटेच्या एसटीने दोघी शहरात पोहोचल्या. अनसाबाईच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. मऊ हातांना माती सोसेना. दोन दिवसांत फोड आले आणि फुटले. भेगा बऱ्या होत्या, निदान सवयीच्या होत्या.

कॉलेजच्या कचेरीत वाघमोडेबाई नावाच्या हेडक्लार्क होत्या. फीची पावती फाडून त्यांनी मान वर न करता विचारलं, "राहण्याजेवणाच्या खर्चाची काही अडचण?"

"न्हाई न्हाई, आडचन कसली," अनसाबाई म्हणाली.

सगुणाने आईच्या हातावर हात ठेवला. "आहे," ती म्हणाली. "अडचण आहे. आमच्याकडे काहीच पैसे उरलेले नाहीत. मला मदत हवी आहे."

वाघमोडेबाईंनी तेव्हा कुठे मान वर केली. खालच्या खणातून त्यांनी धूळ बसलेला कागदांचा गठ्ठा काढला.

"मग सांगावं ना. हे अर्ज दरसाल असेच पडून राहतात. मुलं इथून नाही नाही म्हणत जातात आणि दिवाळीनंतर शिक्षण सोडून घरी बसतात. कॉलेजच्या रोपवाटिकेत रोज दोन तास काम करायचं, राहणं-जेवण फुकट. वर्गात पहिली आलीस तर पुढची फी माफ. दुसरी आलीस तर नाही."

"काम कसलं?"

"पिशव्यांत माती भरायची."

अनसाबाईने तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. सगुणाने सही केली.

कामाला त्याच दुपारपासून लागायचं होतं. आईला सोडायला ती फाटकापर्यंत गेली. फाटकाशेजारीच मेस होती, आणि वरणाला दिलेल्या फोडणीचा वास रस्त्यापर्यंत आला होता. पहाटेपासून दोघींच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

"आई, जेवून जातेस का? पहिल्या दिवशी पालकांना जेवण देतात."

"नको गं," अनसाबाई म्हणाली. "भूक न्हाई मला."

"बरं," सगुणा म्हणाली.

अनसाबाई लगेच निघाली नाही. पिशवीचे बंद नीट केले, डोक्यावरचा पदर सारखा केला, मेसच्या दाराकडे एकदा बघितलं. मग "येते" म्हणाली आणि स्टँडच्या रस्त्याला लागली. इकडे कामाची घंटा झाली आणि सगुणा रोपवाटिकेकडे पळाली.

दोन तास माती भरून ती मेसमध्ये आली. वाढणाऱ्या मावशींनी भात वाढला, वरण वाढलं आणि विचारलं, "आणखी घालू?"

"घाला," सगुणा म्हणाली. आता तिला ते सहज जमत होतं.

मावशींनी आणखी एक मोठा डाव घातला. त्या वाफाळत्या भाताकडे बघताना सगुणाला एकदम आठवलं, की फाटकाशी आपण एकदाच विचारलं. आई पदर सावरत उभी होती, ती दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होती. सगुणा उठून दारापर्यंत धावली. पण आईची एसटी तासाभरापूर्वीच सुटली होती, आणि आता ती घाटात कुठेतरी असेल, उपाशी.

तर बाळांनो, परी अशी आली आणि अशी गेली. तुम्हाला भेटली, तर हवं ते पहिल्यांदाच हवं म्हणा, तिला आग्रह कळत नाही. पण आई नको म्हणाली, तर आणखी एकदा विचारा.