शंखाच्या रेघा

"बाबा, पाणसोंड्यात माझ्याइतकं खरं बोलणारा माणूस दाखवाल का एखादा?" झिपरूअण्णानं छाती पुढं काढून विचारलं आणि लगेच जीभ चावली. "म्हंजे... आज सकाळपासनं."

लालशाबाबा हसले नाहीत. पाणसोंडा गावच्या जुन्या जकात नाक्यात ह्या फकिरानं संग्रहालय मांडलं होतं. समुद्र तिथून शंभर कोस लांब, अन् कपाटांत बघावं तर टेकडीवर सापडलेले शिंपले, शंख, माशांचे दात. सगळे दगड झालेले.

अण्णाच्या उपरण्यातही तसाच एक शंख होता. विहीर खणताना वर आलेला, अस्सल. पण गेल्या साली ह्याच अण्णानं घरी कोरलेला शंख खरा म्हणून आणून दिला होता आणि परगावच्या प्रोफेसरांसमोर बाबांची फजिती केली होती. तेव्हापासून त्याचं खरंही कुणी खरं मानीना. बायकोसुद्धा म्हणाली, "आता कुणाला गंडवायला निघालात?"

हा शंख घेऊन आज चौथी खेप. शंख कपाटात गेल्याशिवाय हलायचं नाही, असं ठरवूनच तो आला होता.

"इथली रीत ठाऊक आहे ना?" बाबा म्हणाले. "शंख माझ्या हातात दे. माझ्याकडं पाठ कर. आता सांग, कसा आहे?"

"गोल आहे..."

"पुढं?"

"चांगला... गोल आहे."

"गेल्या सालच्या शंखावर रेघा किती कोरल्या होत्यास?"

"बत्तीस!" अण्णा खुशीत ओरडला. "मधली जरा वाकडी. मुद्दाम केलेली, म्हंजे खरी वाटंल."

"आणि ह्याच्यावर?"

अण्णानं वळून हात पुढं केला.

त्यानं शंख परत मागून घेतला आणि उंबऱ्यावर उन्हात जाऊन बसला. येणारे-जाणारे हटकत होते, "काय अण्णा, आज काय कोरताय?" एरवी त्यानं एकेकाची टोपी उडवली असती. आज मान वर केली नाही. बोट रेघांवरनं फिरत राहिलं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

ऊन कलल्यावर तो उठला. शंख बाबांच्या हातात दिला, पाठ केली.

"एक्केचाळीस. सातवी फुटकी. आतल्या वेटोळ्यात वाळू अडकलीय, तांबूस. एका अंगानं दबलाय... जड काहीतरी बसलं असंल वर. ह्यो कधीतरी जिता होता, बाबा."

कपाटाचं दार करकरलं. शंख आत गेला.

अण्णा गर्रकन वळला. "पटलं ना शेवटी? खरा आहे म्हणून?"

"मला पहिल्याच दिवशी पटलं होतं," बाबा म्हणाले. "तुला कधी पटलं?"