डाव्या डोळ्याचा कौल

“आणि बुवा वेगळंच काही बोलले तर?” सगुणने विचारलं.

“कशापेक्षा वेगळं?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.



“आजवर ते जे बोलले, त्यापेक्षा…” सगुण पुटपुटला.

“सगुणदादा, ते आजवर बोललेलेच नाहीत.”

सगुणच्या कपाळाची शीर ताठ झाली. तुमच्या लेखी नसतील बोलले, असं म्हणून तो तरातरा आत निघून गेला.

आता हा सगुण कोण आणि बुवा कोण, ते सांगायला हवं.

बुवा म्हणजे आमच्या खाडीकाठच्या मठाचे गुरू. भजन ऐन रंगात आलेलं असताना पखवाजावर हात ठेवून कलंडले ते कलंडलेच. मेंदूच्या देठाशी रक्ताची गाठ अडकली, असं इस्पितळात सांगितलं. जीव वाचला. पण हात गेले, पाय गेले, जीभही गेली. पापण्या तेवढ्या अधूनमधून मिटायच्या. त्याही बुवांच्या ताब्यात नव्हत्या.

सगुण हा त्यांचा शिष्य. जातीचा गुरव, पोरवयापासून मठात. बुवांना न्हाऊ घालणं, नळीतून पेज देणं, कुशीवर वळवणं, हजामत करणं, सगळं तोच करायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. इथवर सगळं ठीक होतं.

पुढचं मात्र आम्हा सगळ्यांचं शहाणपण.

आमच्याकडे देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि आपला प्रश्न देवाच्या कानावर घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर हो. डावी पडली तर नको. बुवा आडवे झाल्यावर कुणाच्या तरी डोक्यात आलं, की यांचे डोळे मिटतात त्यालाही अर्थ असणार. सगुण गुरवाचाच मुलगा. झालं! दर गुरुवारी मठात कौल सुरू झाला. उजवा डोळा मिटला, उजवा कौल. डावा मिटला, डावा.

लोक उंबऱ्याबाहेरून विचारायचे. सगुण बुवांच्या पायाशी उभा राहून सांगायचा.

डावाच जास्त यायचा. बुवा पहिल्यापासून कडक, असं आम्ही म्हणायचो.

आणि सगुण? त्याची मान हळूहळू ताठ होत गेली. बुवांचं मन मलाच कळतं, असं म्हणायचा. आम्ही माना डोलवायचो. आम्हीच त्याला डोक्यावर चढवला, मग उतरवणार कोण?

अशात या परुळेकर डॉक्टरीणबाई आल्या. इथलीच माहेरवाशीण. पुण्याला मेंदूवर काम करतात. सोबत एक पेटी, एक संगणक आणि वायरींनी गुंफलेली एक टोपी.

“माणूस मनात एखादं अक्षर धरतो,” त्या आम्हाला समजावत होत्या. “यंत्र एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत जातं. आपलं अक्षर आलं की मेंदू आतल्या आत दचकतो. ते दचकणं ही टोपी पकडते. चिरफाड नाही, सुई नाही.”

“आणि चुकलं तर?” रावजी खोताने विचारलं. रावजी म्हणजे सगुणच्या खालोखाल गावचं दुसरं तोंड.

“चुकतं कधी कधी. फार हळूही चालतं. सगळ्यांना जमतंच असंही नाही. मेंदूच्या आत तार बसवून याहून पुष्कळ करता येईल, त्यावर ठिकठिकाणी काम चाललंय. पण आमच्याकडे एक मुलगी आहे, बुवांसारखीच पडून. तिनं या टोपीतून पहिला शब्द सांगितला तो ‘उकडतंय’. तिची आई हिवाळाभर तिच्या अंगावर दुलई घालत होती हो…”

 ऐकून आम्हाला गलबलून आलं.

सगुण मात्र कोपऱ्यातून म्हणाला, “गुरूच्या मस्तकाला परक्याचा हात लागत नाही.”

“मग तुम्ही घाला टोपी. हजामत तुम्हीच करता ना?”

“ती सेवा आहे.”

“मग हीसुद्धा सेवाच.”

 शेवटी त्यानेच बुवांना टोपी घातली. टोपीखाली गार मलम लावताना बुवांच्या कानात हळूच म्हणाला, गार लागेल हं बुवा. मी ते ऐकलं.

सरावात बरेच दिवस गेले. बाई म्हणायच्या, बुवा, ‘म’वर थांबा. बुवा ‘म’वर थांबायचे. ‘ग’ म्हटलं की ‘ग’. पहिल्यांदा जमलं तेव्हा बाईंनी लहान पोरीसारखी उडी मारली होती. आत सगळं शाबूत आहे, सगळं ऐकू येतं त्यांना, असं सगळ्यांना सांगत सुटल्या.

ते ऐकून सगुणचा चेहरा उतरला. मला वाटलं, आनंदाने भांबावलाय.

पण ताठा काही जाईना. तोच बाईंना म्हणाला, “बुवा जे बोलतील ते गुरुवारी, सगळ्यांसमोर. मागाहून कुणी म्हणायला नको, सगुणने लपवलं.”

“बुवांना चालेल का, ते आधी विचारते,” बाई म्हणाल्या. बुवा ‘ह’वर थांबले, मग ‘ओ’वर.

गुरुवारी मठ गच्च भरला. सगुणने कौलाची सगळी तयारी केली. बुवांच्या डाव्या हाताला गूळखोबऱ्याचा नैवेद्य ठेवला. खिडक्या लावल्या. पंखा बंद केला.

“पंखा कशाला बंद?” बाईंनी विचारलं. “केवढं उकडतंय.”

“कौलाला वारा चालत नाही,” सगुण म्हणाला. “वाऱ्याने पाकळी पडली तर तो देवाचा कौल कसा?”

“इथे पाकळ्या कुठे आहेत?”

“रीत आहे,” सगुण म्हणाला. आम्हीही म्हणालो, हो हो, रीत आहे.

यंत्र सुरू झालं. शाळेत मास्तर म्हणवून घ्यायचे तसं एकसुरी चाललं होतं. क… च… ट… त… प… त्या ओळीपाशी थांबलं. मग प… फ… ब… भ… म.

“म,” बाई म्हणाल्या.

पुढे काना. पुढे ‘श’. पुढे वेलांटी. एवढ्याला इतका वेळ लागला की बसल्या बसल्या पायांना मुंग्या आल्या. पण एकही माणूस जागचा हलला नाही.

“माशी,” यंत्र म्हणालं.

 

सगुणने डोळे मिटून हात जोडले. त्याचा आवाज चढला. “माशी! गुळाला चिकटलेला जीव! मंडळी, बुवा मायेबद्दल सांगताहेत. आपण सगळे त्या माशीसारखे…”

बायाबापड्यांनी हात जोडले. रावजीने तर टोपी काढून जमिनीला डोकं टेकवलं.

यंत्राचं चालूच होतं.

“डोळ्यावर,” ते म्हणालं.

सगुणचं तोंड उघडंच राहिलं.

बाई पुढे वाकल्या. बुवांच्या डाव्या डोळ्याच्या कडेला एक माशी बसली होती. ती चालली, पापणी मिटली. बाईंनी हात हलवला, माशी उडाली. गुळावर जाऊन बसली, फिरून डोळ्यावर आली. पापणी परत मिटली.

“गूळ हलव,” यंत्र म्हणालं.

आधी कुणाला काहीच उमगलं नाही. मग मागून एक म्हातारी फिस्सकन हसली, आणि बघता बघता मठ हसायला लागला. मीही हसलो. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं तोंड असून बंद पडलेला आमचा बुवा बोलला होता, आणि अगदी पूर्वीसारखा खेकसला होता. हसता हसता माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

हसला नाही तो रावजी.

“म्हणजे… डावा कौल तो हा?” त्याने सगुणकडे बोट केलं. “पंखा तूच बंद करायचास, गूळ तूच ठेवायचास. माझी सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाऊ का म्हणून विचारत होती. तू डावा सांगितलास. पोर रडून रडून अर्धी झाली. ती माशी होती होय रे?”

हसू विरलं. ज्याला त्याला आपापला कौल आठवायला लागला.

“आणि डोळे मिटलेच नाहीत तर?” रावजी सोडेना. “दोन्ही एकदम मिटले तर? तेव्हा काय सांगायचास?”

सगुणने बुवांकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

“मला बरं वाटेल ते,” तो म्हणाला.

“बुवांच्या तोंडाने?”

“हो.”

“आणि बुवा ते सगळं ऐकत होते!”

“हो…” सगुण म्हणाला. “तेच मला झोपू देत नाही. यांना सगळं ऐकू येतं म्हणून कळलं, तेव्हापासून घास उतरत नाही.”

“बाहेर काढा याला,” रावजी म्हणाला. दोघेतिघे हो म्हणाले. उरलेले गप्प राहिले. मीही गप्प राहिलो.

सगुणने हातातलं पुसायचं फडकं खाली ठेवलं. एरवी तो बुवांच्या पायांवर डोकं ठेवल्याशिवाय पाऊल उचलायचा नाही. आज त्याने दोन्ही हात पाठीमागे धरले.

“बुवा,” तो म्हणाला, “हे हात तुमच्या अंगाला लावायची माझी लायकी नाही. राहू की जाऊ, तेवढं सांगा. आज मी काही वाचणार नाही.”

असं म्हणून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

जायचं कुठे त्याला? आई कधीच गेलेली, भावांनी घर वाटून घेतलेलं. या एका माणसाची उशी नीट करणं, हाच त्याचा संसार. जा म्हटलं असतं तर तो गेला असता, आणि खाडीच्या पलीकडे पोचला असता की नाही, देव जाणे.

क… च… ट… त…

अक्षर जुळत होतं. 

“तोंड,” यंत्र म्हणालं.



“तोंड तुझं.”

“ऐकलंस?” रावजी ओरडला. “तोंड तुझं! बुवांचं कधी नव्हतंच!”

“ऐकलं,” सगुण म्हणाला. “खरं आहे ते.” आणि हात तसेच पाठीमागे धरून दाराकडे चालायला लागला.

“अहो थांबा, अजून यंत्र चालू आहे,” बाई म्हणाल्या. त्याच्या कानापर्यंत ते गेलंच नाही. गर्दीने त्याला वाट करून दिली. उंबऱ्यापाशी पोचला.

तेवढ्यात बुवांना ठसका लागला.

लाळ घशात गेली असणार. चेहरा लाल झाला, मग काळानिळा पडायला लागला. आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. रावजी नुसताच “अरे अरे” करत होता. बाई उठल्या, पण हातात वायरी होत्या.

सगुण कधी आला ते मला दिसलंच नाही. दिसलं तेव्हा बुवा कुशीवर होते. एका हाताने त्याने मान धरली होती, दुसऱ्या हाताच्या बोटाला फडकं गुंडाळून तोंडातलं काढत होता. मग पाठीवरून हात फिरवत राहिला, खालून वर, खालून वर. “सुटलं बुवा, सुटलं… हं… घ्या श्वास…” आपण निघून चाललो होतो, हे तो पार विसरला होता.

बुवांनी श्वास घेतला. चेहऱ्यावर रंग परतला. आमचा जीव भांड्यात पडला.

तेव्हा सगुणला भान आलं. चटका बसल्यासारखे त्याने हात काढून घेतले.

बाईंनी टोपी सारखी केली. संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, “बुवा, मघाचं पुरं करायचंय?”

सगुण पुन्हा भिंतीकडे वळणार होता. मीच त्याचा दंड धरला. म्हटलं, थांब रे बाबा, ऐक तरी.

यंत्र अक्षरं म्हणत राहिलं. उन्हं ओसरीवरून खाली उतरली तरी कुणी उठलं नाही. कुणीतरी गूळ उचलून नेला, कुणीतरी पंखा लावला.

मग यंत्र बोललं.

“हात माझे.”