दाजीसाहेबांची कुलूपबंद फाइल

दूध संघाचे अध्यक्ष दाजीसाहेब इंगवले यांना पुतण्याचं महागडं सुरक्षा सॉफ्टवेअर संघाच्या गळ्यात मारायचं होतं. संगणक विभागाच्या शर्वाणीबाई मात्र अडून बसल्या. रोज वापरतो त्या सॉफ्टवेअरमध्येच फाइलला भक्कम कुलूप आहे, मग दुसरं कशाला, असं त्यांचं म्हणणं.

भर बैठकीत दाजीसाहेबांनी आपल्या लॅपटॉपवर एक वाक्य लिहिलं, फाइलला पासवर्ड घातला आणि ती सभागृहातल्या संगणकावर पाठवली. त्याचा पडदा भिंतीवर सगळ्यांना दिसत होता.

"बाई, उघडा ही! उघडली तर तुमचं कुलूप कुचकामी. नाही उघडली तर तुम्ही कुचकामी, उद्यापासून घरी बसायचं!"

संचालक खो खो हसले. पडद्याकडे बघता बघता शर्वाणीबाई हळूच म्हणाल्या, "दाजीसाहेब, मला तर आत एक अक्षरही दिसत नाही. सेव्ह करायचं राहून गेलं का?"

"माझ्याकडून? अहो, तुम्ही शाळेत होता तेव्हापासून संगणक वापरतोय मी. सरका!"

दाजीसाहेबांनी तावातावाने पासवर्ड टाकला. भिंतीवर ठळक अक्षरं उमटली : 'शर्वाणीबाई हरल्या.'

"फाइल उघडली, साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या, "आणि कुलूपही मोडलं नाही. पुतण्याकडून याहून भारी कुलूप आणाल, पण त्याचाही पासवर्ड तुमच्याकडेच राहणार ना?"

दाजीसाहेबांनी चष्मा पुसला आणि ते सचिवांना म्हणाले, "पुढचा विषय घ्या."