अंगठ्याच्या नखाखालचं दुखणं

“कर्करोग आहे हे तुला कोणी सांगितलं?” हेर्लेकर मॅडमनी विचारलं.

“कोणी कशाला सांगायला हवं? काचेवर दिसतंय, मॅडम.”

डॉ. सारंग येडेकर पॅथॉलॉजी शिकत होता. हुशार होता, आणि ते त्याला माहीत होतं. मायक्रोस्कोपखालच्या काचेवर एक नजर टाकून तो निदान सांगायचा, आणि ते बहुतेकदा बरोबर निघायचं. त्याच्या गुरू हेर्लेकर मॅडमना मात्र एकेका काचेला अर्धी सकाळ लागे. मॅडम आता थकल्या, असं तो मित्रांत म्हणायचा.

ही काच मंदाकिनी तांडेल यांची होती. बंदरावर मासळी विकणारी बाई. उजव्या अंगठ्याच्या नखाखाली निळसर ठिपका आणि जीव नकोसा करणारी कळ. सर्जननी त्यातला कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला होता.

“सर्जनना कळवलंस?”

“फोन केला. अंगठा काढावा लागेल म्हणाले. उद्या सकाळीच ऑपरेशनला घेतायत.”

मॅडमनी मायक्रोस्कोपला डोळे लावले. काच हळूहळू सरकवत राहिल्या.

“काय दिसतंय तुला?”

“पेशी भयंकर आहेत.”

“भयंकर वाटतात. दिसतं काय, ते सांग.”

सारंगने ओठ आवळले. “केंद्रकं मोठाली. काळीकुट्ट. वेडीवाकडी. एकासारखं दुसरं नाही.”

“बरं. कर्करोगाच्या पेशी भराभर दुभागतात ना? मला दुभागणारी एक दाखव.”

यात काय मोठंसं, म्हणून तो बसला. काच इकडून तिकडे सरकवली. पुन्हा पहिल्यापासून सरकवली. भेसूर चेहऱ्यांची गर्दी होती, पण दुभागत कोणीच नव्हतं. सगळ्या नुसत्या बसून होत्या.

त्याला पहिल्यांदा जरा नवल वाटलं.

“बाईंना भेटलास?”

“मी काचा बघतो, मॅडम. माणसं वॉर्डातले डॉक्टर बघतात.”

मॅडमनी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि त्या चालू लागल्या. सारंगला मागोमाग जावं लागलं.

मंदाकिनीबाई खाटेवर हात छातीशी धरून बसल्या होत्या.

“कधीपासून दुखतंय?” मॅडमनी विचारलं.

“वर्सां झाली. बर्फात हात गेलो की कळ डोक्यात जाता. लोक म्हणतत, ढोंग करता.”

“ठिपका वाढला?”

“नाय. होतो तसोच आसा.”

मॅडमनी पेन्सिल सारंगच्या हातात दिली. “हलकेच टेकव.”

त्याने नखाच्या कडेला टोक टेकवलं. काही नाही. किंचित आत सरकवलं. काही नाही. आणखी केसभर सरकवलं, तशा बाई कळवळून मागे झाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

सारंगने झटकन हात मागे घेतला.

मॅडमनी रक्तदाबाचा पट्टा बाईंच्या दंडाला गुंडाळला आणि हवा भरली. हाताचं रक्त थांबलं.

“आता टेकव. त्याच जागी.”

 त्याने टोक टेकवलं, मग दाबलं.

बाई अंगठ्याकडे बघत राहिल्या. “दुखणा नाय… काय केलात?”

मॅडमनी हवा सोडली. रक्त परत आलं, कळही आली.

दोघं मायक्रोस्कोपच्या खोलीकडे परतले. दाराशी सारंग थांबला.

“ग्लोमस,” तो म्हणाला. “बोटाच्या टोकाशी रक्तवाहिन्यांच्या बारीक गुंडाळ्या असतात, थंडी-उष्णता सांभाळणाऱ्या. त्यांची गाठ. साधी गाठ.” मग त्याने मान हलवली. “पण तिच्या पेशी गोल असतात, एकसारख्या, मण्यांसारख्या. सगळ्या पुस्तकांत तेच लिहिलंय.”

“पुस्तकातल्या तशा असतात.”

तो पुन्हा काचेला बसला. या वेळी घाई नव्हती. रक्तवाहिन्यांच्या कडेने नजर फिरवत गेला. भेसूर पेशींच्या आड चार-दोन लहान, गोल, शांत पेशी बसलेल्या दिसल्या. मघाशीही त्या तिथेच असणार…

त्याने सर्जनना फोन लावला.

“माझी घाई झाली, सर. उद्याचं थांबवा. विशेष रंग देऊन तपासतो, मग सांगतो.”

पलीकडून बरंच बोलणं ऐकावं लागलं. त्याने ते ऐकून घेतलं.

नखाखालच्या कर्करोगाला धरणारा रंग कोरा राहिला. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूला धरणारा रंग मात्र सगळीकडे चढला, भेसूर पेशींवरसुद्धा. ग्लोमसच होती, क्वचित दिसणाऱ्या जातीची. नख उचलून सर्जननी तेवढी गाठ काढली. अंगठा राहिला.

जखम भरल्यावर मंदाकिनीबाई दाखवायला आल्या. त्यांनी मॅडमच्या थर्मासमधलं गार पाणी अंगठ्यावर ओतून घेतलं आणि हसत राहिल्या.

त्या गेल्यावरही सारंग ती काच लावून बसला होता.

“मॅडम, एक कळत नाही. या पेशींना कोणाचं वाईट करायचं नव्हतं… मग या इतक्या भेसूर का झाल्या?”

मॅडमनी चष्मा काढला. सुरकुतलेला, डागाळलेला चेहरा त्यांनी पदराने पुसला.

“वय झालंय रे त्यांचं,” त्या म्हणाल्या. “तू मला घाबरतोस का?”