काचेवरचा डाग

“पण मग नाव टाकायचं कुठं? कुणालाच पुसता येणार नाही अशी जागा सांगा.”

हमीद उस्ताद काच कापत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा निरंजन ठोंबरे. सहा वर्षं तो उस्तादांकडे फोटो काढायला शिकला. आता त्याच्या फोटोंना बक्षिसं मिळतात. उस्तादांनी स्टुडिओ कधीच बंद केला. खाणीच्या रस्त्यावर एका टपरीत ते फोटोंना फ्रेम करून देतात.

मी माझ्या पत्नीच्या फोटोची फ्रेम न्यायला गेलो होतो. बाकावर बसलो होतो, म्हणून हे ऐकलं.

“कोपऱ्यात टाक,” उस्ताद म्हणाले.

“कोपरा कापतात. एका पुढाऱ्याच्या फलकावर माझा फोटो लागला. कोपरा कापून.”

“मग मधे टाक. फिकट.”

“मोबाइलवर पुसतात हो. शाळकरी पोरंसुद्धा. एक मिनिट लागतं.”

“मग?”

“मग मी चेहऱ्यावर टाकलं.” निरंजन जरा ताठ बसला. “कपाळापासून हनुवटीपर्यंत, तिरपं. नाव काढायला गेलं की चेहराच बिघडतो. इंटरनेटवर असलेल्या माझ्या प्रत्येक फोटोवर तीन वर्षांपूर्वीच नावाचा वॉटरमार्क चढवलाय. सात हजार फोटो, एका दमात.”

“आम्ही मागच्या बाजूला शिक्का मारायचो.”

“मागं कोण बघतं?”

“कुणी नाही.”

काचेचा बारीक आवाज झाला. रेघेवर सरळ तुटली.

“कोरे फोटो ठेवले असशील.”

निरंजनने काचेची एक कपची बोटाने बाजूला सारली.

“घाईत त्याच फाइलींवर सेव्ह झाले. मूळ फोटो गेले. दुसरीकडे कुठं ठेवलेले नव्हते.” मग थोडं चढ्या आवाजात म्हणाला, “वाईट वाटलं. पण नाव तर राहिलं. उस्ताद, या गावात घराघरांत तुमचे फोटो आहेत, आणि ते तुम्ही काढले हे एकालाही ठाऊक नाही. माझं तसं व्हायला नको.”

“खरं आहे,” उस्ताद म्हणाले.

त्यांनी कापलेली काच भिंतीला टेकवून ठेवली आणि रस्त्याकडे पाहिलं. बुधवारी ये, असं त्यांनीच निरंजनला कळवलं होतं. बुधवारी तिथे बाजार भरतो.

थोड्या वेळाने एक बाई आली. साठीची असेल. टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम तिने पोटाशी धरली होती.

“बाबाजी, डाग निंगला नाही जी.”

“काच नवी घातली होती, तुळसाबाई.”

“दोनदा घातली तुमी. रोज सकाळी पुसते. साबन लावला, राख लावली. खानीचा कोळसा असन म्हनून घासते. पोराच्या तोंडावरच हाय न जी.”

तुळसाबाई कुळसंगे. तिचा मुलगा खाणीत उतरला आणि वर आला नाही. छत खाली आलं. काही दिवसांनी शोधणं थांबवलं. घरात त्याचा फोटो नव्हता. शेजारच्या कुणीतरी मोबाइलवर एक शोधून काढला आणि तालुक्याहून छापून आणला. या गोष्टीला दोन वर्षं झाली. एवढं मला उस्तादांकडून नंतर कळलं.

तिने टॉवेल उघडला.

निरंजनने पाहिलं. मीही पाहिलं. काजळी माखलेला एक तरुण चेहरा, हसायच्या बेतात असलेला. त्यावरून, एका डोळ्यावरून आणि ओठांवरून, खाली उतरत गेलेली पांढरी, वळणदार इंग्रजी अक्षरं.

उस्तादांनी फडकं निरंजनच्या हातात दिलं.

“पूस.”

त्याने पुसलं. का पुसलं, कुणास ठाऊक. काच आधीच स्वच्छ होती.

“हे फोटो काढनारे हायेत का?” तुळसाबाईने विचारलं.

“हो. माझ्याकडे शिकलेला आहे.”

“मंग यायले समजन. सायेब, लोकं म्हनतात तो डाग नाही, काही लिवलं हाय. आमच्या पाड्यावर कोनाले ते अक्षर लागत नाही.” मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. “गुरुजी, तुमी वाचा.”

चष्मा आणला नाही, असं मी म्हणालो.

चष्मा खिशात होता. चाळीस वर्षं मी मुलांना वाचायला शिकवलं. हे इथे लिहावं की नाही, ते अजून ठरत नाही.

“निरंजन, तू वाच,” उस्ताद म्हणाले.

निरंजनने फ्रेम जवळ ओढली. रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला. मग आणखी एक.

“त्याचंच नाव असन,” तुळसाबाई म्हणाली. “देवराव. देवराव सोमा कुळसंगे. तेच हाय न?”

ते नाव निरंजन पहिल्यांदा ऐकत होता. त्याच्या या फोटोला बक्षीस मिळालं तेव्हा खाली ‘खाणकामगार’ एवढंच छापून आलं होतं.

“...हो,” तो म्हणाला. “देवराव.”

“पुरं हाय?”

“पूर्ण आहे.”

तिने काचेवर बोट ठेवलं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सावकाश नेलं. पुन्हा मागे आणलं.

“कोनं लिवलं असन?”

निरंजन फडक्याने बोटं पुसू लागला.

“मी येडी,” ती म्हणाली. “दोन वर्सं पोराचं नाव घासून काढत होती.”

तिने फ्रेम टॉवेलात गुंडाळली. या वेळी घडी जास्त जपून घातली. उस्तादांनी कापून ठेवलेली नवी काच तिला दाखवली, तर मान हलवून नको म्हणाली. आणि बाजाराच्या बाजूला गेली.

निरंजन तसाच बसून होता. फडकं हातातच होतं.

“उस्ताद, ती लांब गेली नसेल. बोलावून आणतो. खरं काय ते सांगतो.”

“सांग.”

तो उठला. टपरीच्या दारापर्यंत गेला.

“नाव परत घेशील,” उस्ताद म्हणाले. “कोरा चेहरा देशील?”

निरंजन दारात थांबला. मग बाहेर न जाता मागे फिरला.

“काहीतरी बोला, उस्ताद.”

उस्तादांनी त्याच्या हातातून फडकं काढून घेतलं. माझ्या पत्नीचा फोटो पुढे ओढला आणि त्याच्या काचेवरची कोळशाची धूळ पुसायला लागले.

“जागा विचारत होतास ना,” ते म्हणाले. “आता कुणी पुसणार नाही.”