विनापरवान्याचा मजला

भागीरथीबाई तांबटांना खानावळीसाठी बाजारपेठेतलं एक जुनं कौलारू घर पसंत पडलं. वर मजला चढवायचा, खाली पंगत आणि वर राहायची सोय, असा त्यांचा बेत होता. घर माजी नगराध्यक्ष अण्णासाहेब खर्डेकरांचं. त्यांनी किंमत सांगितली ती जणू मजला आधीच उभा असल्यासारखी.

"पण मजल्याला परवानगी कुठं आहे?" बाईंनी विचारलं.

अण्णासाहेब बैठकीतल्या मंडळींकडे बघून हसले. "बाई, या गावात माझा शब्द हीच परवानगी. खुशाल बांधा. नगरपालिकेचा शिपाईसुद्धा फिरकणार नाही."

मंडळींनी माना डोलावल्या. पण बाईंची लग्नकार्यांचे स्वयंपाक करून जमवलेली आयुष्याची पुंजी यात जाणार होती. बाई म्हणाल्या, "तुमच्या शब्दावर विश्वास आहे. किंमत कबूल."

"शाबास!"

"फक्त खरेदीखत मजला बांधून झाल्यावर करू. आज थोडी रक्कम देऊन इसारपत्र करते, उद्या गवंडी लावते. तोवर घर तुमच्याच नावावर राहू दे."

अण्णासाहेब ताडकन उठले. "माझ्या नावावर? आणि नोटीस आली म्हणजे?"

"नोटीस घेऊन येणार कोण, अण्णासाहेब? शिपाई तर फिरकणार नाही ना?"

बैठकीत हशा पिकला. शेवटी अण्णासाहेबांनाही हसू आवरेना. त्यांनी जुन्या घराला शोभेल अशी किंमत सांगितली आणि तिथेच सौदा ठरला.

बाईंनी रीतसर अर्ज केला, पाच महिने थांबून परवानगी मिळवली, आणि मगच मजला चढवला. पहिल्या पंगतीला अण्णासाहेब आले आणि दोनदा आमटी मागून घेऊन पोटभर जेवले.